उजव्या काचेवरचा ठसा

चष्मा दोन्ही हातांनी काढावा, काड्यांना धरून, हे भिंगकाकांनी बेचाळीस वर्षांत किती लोकांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशात स्वतःकडे खुशीत बघत असतानाच ते हे सांगत, म्हणजे त्या आनंदात निदान ऐकून तरी घेतलं जाई. लोक हो हो म्हणत, आणि दाराबाहेर पडायच्या आत एका हाताने चष्मा ओढून सदऱ्याच्या टोकाला पुसत. काका आतून बघत आणि कपाळाला हात लावत. सदऱ्याने काच पुसणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या खिशात एक मऊ पिवळं फडकं चौपदरी घडी करून कायम असे. काम करताना एका डोळ्याला भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून सगळा रस्ता त्यांना भिंगकाका म्हणायचा.

दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगाच नाही. सगळ्या ओळखीपाळखीत सर्वांत कळकट चष्मा होता तो त्यांच्याच घरात. त्यांची बायको (काका चारचौघांत तिला ‘ही’ म्हणत आणि घरात ‘अगं’) चष्मा काढायची ती उजव्या हाताने, अंगठा थेट उजव्या काचेवर दाबून. प्लॅस्टिकच्या काचा तिने दोन वर्षांत चरे पाडून पांढऱ्या केल्या, तेव्हा काकांनी तिला जुन्या पद्धतीच्या, खऱ्या जड काचा बसवून दिल्या. चरे थांबले. अंगठा काही थांबला नाही.

रोज सकाळी चहा उकळेपर्यंत काका तिचा चष्मा हातात घेत, काचेवर तोंडाची वाफ सोडत आणि फडक्याने पुसत.

"हाताला अंगठाच आहे का गं तुझ्या? बाकीची बोटं कुणाला भाड्याने दिलीस?"

"तुम्ही आहात ना पुसायला. नाहीतर चष्मेवाला नवरा केला कशाला?" ती म्हणायची आणि पुसलेला चष्मा घेताना परत अंगठा लावायची. मुद्दाम लावायची की सवयीने, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी भिंगांचं पार्सल लवकर येणार होतं, म्हणून काका चहा उभ्यानेच पिऊन निघाले. चष्मा पुसायचा राहिला. दुपारी ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धवट सोडून जरा पडते म्हणून आत गेली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, काही कळलंही नसेल. लोक म्हणाले, भाग्यवान. काकांना त्या भाग्याचं काय करायचं ते कळेना. ते दुकान उघडत, बंद करत, आणि घरी आलं की जेवणाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीसमोर बसून राहत.

तो चष्मा त्यांना नीट दिसला तो दीड महिन्याने. टेबलावरच्या पेन्सिलीशेजारी तो काचा वर करून पडला होता. खिडकीतून तिरका उजेड येत होता. उजव्या काचेवर पूर्ण अंगठा उमटलेला होता, रेघ न् रेघ सुटी. आणि मधोमध एक आडवी कोरी फट. डब्याच्या पत्र्याने कापलं होतं तिला, मुलगी लहान असताना. दोन टाके पडले होते. जखम भरली पण त्या जागी रेघा परत आल्या नाहीत. काकांचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला, आणि चटका बसावा तसा मागे आला.

बाईमाणूस गेलं की घरात तिच्या वस्तू राहतात, साड्या राहतात, फोटो राहतात. पण हा तिचा हात होता. आणि तो राहिला होता तो एका गोष्टीमुळे, की त्या एका दिवशी काकांनी आपलं काम केलं नव्हतं.

त्यांनी चष्मा एका झाकणाच्या डब्यात ठेवला. पण डबा ठेवला म्हणजे उघडणं आलं. रोज एकदा ते झाकण काढत, टेबलावरचा दिवा तिरका करत, कारण बोटांचा ठसा समोरच्या उजेडात दिसत नाही, बाजूच्या उजेडात दिसतो, आणि डोळ्याला भिंग लावून बघत. बोटांच्या तेलाला आयुष्य किती, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसावं. पण चौथ्या महिन्यात ठशाच्या कडेच्या रेघा मंद झाल्या, आणि वरच्या बाजूला धुळीचे तीन कण चिकटून बसले. फुंकर मारायचीही चोरी होती. मुलीने फोनवर फोटो काढायचा प्रयत्न केला, तर फोनने काच सोडून मागच्या टेबलक्लॉथचाच फोटो काढला. दोनदा.

मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची, आठवड्यातून दोनदा घरी यायची. तिनेच एकदा पोरांनी केलेली किल्लीची साखळी आणून दाखवली. काचेसारख्या स्वच्छ तुकड्यात पिंपळाच्या पानाची जाळी अडकवलेली होती.

"हे काय आहे?" काकांनी भिंग लावून विचारलं.

"रेझिन. दोन बाटल्या एकत्र करायच्या आणि साच्यात ओतायचं. घट्ट झालं की झालं."

"आत धूळ जाते?"

"आत काय जाणार, बाबा? दगड होतो त्याचा."

"हवा?"

"हवाही नाही." मग तिला कळलं ते काय विचारतायत ते. "बाबा, आईचा चष्मा राहू द्या ना डब्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप लावून ते हस्तकलेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं होतं. बाई ऐसपैस, अंगात जाड अॅप्रन, आणि अॅप्रनवर घट्ट झालेले थेंब इतके की त्या चालल्या की टिकटिक वाजायची. शनिवारी वर्ग घ्यायच्या, इतर दिवशी माल विकायच्या, आणि चुकीचा माल मागणाऱ्याला सरळ परत पाठवायच्या. काकांना असं माणूस आवडे. ते स्वतः तसेच होते.

"खोली किती?" बाईंनी विचारलं.

"दोन बोटं."

"मग हे ठेवा खाली. हे वरून पातळ थर द्यायचं, चित्रावर, टेबलावर. हे खोल ओतलंत तर आतल्या आत तापतं. पिवळं पडतं, तडकतं. एकाने अख्खा डबा भरून ओतलं, धूर निघाला त्यातून. माझ्याकडे भांडायला आला."

"हे?"

"हे निळ्या दिव्याखाली दोन मिनिटांत घट्ट होतं. कानातल्यांना उत्तम. जाड झालं की आतपर्यंत उजेड पोचत नाही, मग वरून दगड आणि आत चिकट."

"तो पत्र्याचा डबा?"

"त्याला वास येतो, नाक धरून काम करावं लागतं. शिवाय घट्ट होताना आकसतं. आकसलं की वस्तूपासून सुटतं." बाईंनी खालच्या फळीवरून बाटल्यांच्या जोड्या काढल्या. "तुम्हाला हे पाहिजे, खोल ओतायचं. पातळ असतं, सावकाश घट्ट होतं. तीन दिवस बोट लावायचं नाही. घाईच्या माणसाला मी हे देतच नाही."

"आणि ते कायम असंच स्वच्छ राहील?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कायम स्वच्छ राहील म्हणून सांगतो तो खोटं बोलतो. सगळीच पिवळी पडतात, कुणी आज, कुणी दहा वर्षांनी. ऊन दाखवू नका, एवढंच आपल्या हातात."

काकांना हे पटलं. आपल्याकडच्या काचांबद्दलही ते गिऱ्हाइकाला असंच खरं सांगत आणि कधीकधी गिऱ्हाईक घालवत.

"वस्तू आत घालायच्या आधी स्पिरिटने लख्ख पुसून घ्या," बाई पुढे म्हणाल्या. "हाताचं तेल राहिलं तर कधीकधी तिथं धरत नाही, चंदेरी डाग दिसतो."

"पुसायची नाही," काका म्हणाले.

"अहो, पण तेल—"

"तेवढं सोडून बाकी सगळं सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. गल्ल्याशेजारी रेझिनचा एक ठोकळा पडला होता, आत काळ्या दोऱ्यात ओवलेले मणी. काकांनी तो उचलला, अर्थात कडांना धरून.

"मी पहिल्यांदा ओतलेला," बाई म्हणाल्या. "पाच मणी आहेत, पाचही वेगळे."

"चार आहेत."

"पाच."

"बाई, चार. लाल, हिरवा, पिवळा, लाकडी. तुम्ही दुकानात या एकदा. नंबर बदललाय तुमचा."

"तुमचाच तपासून घ्या, काका," बाई हसून म्हणाल्या. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि मण्यांचं बोलणं तिथेच राहिलं. दुकानातून बाहेर पडल्यावर काकांना आठवलं की ही गेल्यापासून आपण पहिल्यांदाच कुणाची थट्टा केली.

तीन कंपन्यांच्या बाटल्या ते घेऊन आले, आणि मग चष्मेवाल्याने करावी तशी निवड सुरू केली. प्रत्येकाची एकेक चकती ओतली. प्रत्येक चकतीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून तिन्ही चकत्या महिनाभर खिडकीत उन्हात ठेवल्या. महिन्याने कागद काढला. पहिल्या चकतीचा उघडा भाग सरळ चहाच्या कपाच्या कडेसारखा झाला होता. दुसरी ठीक होती, पण तिच्यात निळसर झाक होती. पिवळेपणा झाकायला कंपनीने आधीच निळ्या रंगाचा थेंब मारून ठेवला होता. ही लबाडी काकांनी बरोबर पकडली. पांढरे केस झाकायला लोक काय करतात ते त्यांनी आरशापुढे पुष्कळ पाहिलं होतं.

तिसरी राहिली. जवळचं वाचायचा तक्ता त्यांनी टेबलावर पसरला, ज्याच्यावर वर मोठी अक्षरं असतात आणि खाली मुंगीएवढी, आणि तिसरी चकती सगळ्यात खालच्या ओळीवर ठेवली. ओळ वाचता आली. भिंग लावून पाहिलं, अक्षराची कड कुठे फाटली नव्हती. चकती तक्त्यावर आहे की नाही तेच कळेना. "अशी पाहिजे," काका एकटेच मोठ्याने म्हणाले. हिच्या ठशाच्या आणि माझ्या डोळ्यांच्या मध्ये काही म्हणजे काही नको, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती पुरी करणारं रेझिन मिळालं होतं.

मग तालमी झाल्या. दुकानात जुन्या, न खपलेल्या फ्रेमी पुष्कळ. काकांनी त्यातल्या काचा काढून पाकिटात घालून ठेवल्या, कारण काच वाया घालवायची नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नेम, आणि रिकाम्या फ्रेमी ओतायला घेतल्या. पहिल्या फ्रेमीच्या बिजागरीत हवेचे बुडबुडे अडकले. दुसरी फ्रेम तरंगून वर आली आणि नाक बाहेर काढून तशीच घट्ट झाली. मग त्यांना कळलं की आधी खाली एक थर ओतायचा, तो चिकट झाला की वस्तू त्याच्यावर टेकवायची आणि मग वरून ओतायचं. तिसऱ्या वेळी वरचा थर उशिरा पडला म्हणून मध्ये रेघ उमटली. चौथी फ्रेम मात्र अशी आली की मुलीने हातात घेऊन नुसतं बघत राहावं.

"बाबा, एकदा काच घालून करून बघा ना," ती म्हणाली.

"काचेला काय होणार आहे?" काका म्हणाले. "भीती होती ती फ्रेमीची, बिजागरीची. काच सपाट, गुळगुळीत. तिच्यात बुडबुडा धरायला जागाच नाही."

चष्म्यातलं बाबांना कोण शिकवणार?

रविवारी सकाळी ओतायचं ठरलं. मुलगी म्हणाली, मी येते. काका म्हणाले, नको, हात थरथरतो माझा कुणी बघायला लागलं की. खरं कारण ते नव्हतं. त्यांना त्या ठशाबरोबर एकदा एकटं बसायचं होतं.

खालचा थर आदल्या संध्याकाळी ओतून झाला होता आणि बोट लावलं तर चिकटेल इतपत आला होता. काकांनी चष्मा काड्या मिटून डब्यातून उचलला, दिवा तिरका केला आणि भिंग लावलं. कडा आणखी मंद झाल्या होत्या, पण मधली आडवी फट जशीच्या तशी होती. "आता कुणी पुसणार नाही बरं," ते म्हणाले. चष्मा त्यांनी थरावर टेकवला. वजनकाट्यावर दोन्ही बाटल्यांतलं मोजून घेतलं, सांगितलं होतं तितका वेळ सावकाश ढवळलं, भांड्याच्या कडा खरवडल्या, फेस वर येऊन फुटेपर्यंत थांबले. आधी बारीक नळीने दोन्ही बिजागऱ्यांत एकेक थेंब सोडला. मग साच्याच्या कोपऱ्यातून धार धरली.

रेझिन मधासारखं पसरत गेलं. काकांची नजर बिजागरीवर होती, कारण बुडबुडा आला तर तिथूनच येणार होता. आला नाही. काचांवरून थर कधी गेला ते त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा सगळं एकसारखं चकाकत होतं आणि ठसा दिसत नव्हता. ओलं आहे तोवर झळाळी मारते, त्यांनी स्वतःला सांगितलं. घट्ट झालं की दिसेल. साच्यावर खोका उपडा घातला आणि तीन दिवस त्या खोलीत गेले नाहीत.

बुधवारी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. ते लवकर घरी आले, हात धुतले, साचा सोलला. ठोकळा सुटा झाला तसा आवाजसुद्धा आला नाही. एक बुडबुडा नाही, एक रेघ नाही. मध्ये तपकिरी फ्रेम अशी बसली होती की आता कुणी हात घालून उचलून डोळ्यांवर लावावी.

फ्रेमीत काचा नव्हत्या.

काकांना पहिल्यांदा वाटलं, काचा निसटल्या. त्यांनी साच्यात पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग ठोकळा उजेडाला तिरका धरला आणि भिंग लावलं. फार वेळाने उजव्या बाजूला फ्रेमीच्या आत केसाएवढी एक कड चमकून गेली. काच होती. जागेवर होती. त्यांनी ठोकळा तक्त्यावर ठेवला. हिचा नंबर जबरदस्त, तिच्या चष्म्याखाली मुंगीएवढं अक्षर मटाराएवढं व्हायचं. आता काचेखालचं अक्षर आणि काचेबाहेरचं अक्षर सारखंच होतं. मोठं नाही, लहान नाही. नंबर शून्य.

ते खुर्ची ओढून बसले.

भिंग पाण्यात घातलं की त्याचा नंबर उतरतो, हे त्यांनी विशीत शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. भिंग ज्याच्यात बुडवाल ते जितकं काचेसारखं, तितकं भिंग नाहीसं होत जातं. काच दिसते ती तिच्याभोवती हवा असते म्हणून. पण काकांनी सगळं आयुष्य काच हवेतच पाहिली होती. हवेचा विचार करायची वेळच आली नव्हती, कारण हवा होतीच. महिनाभर उन्हात चकत्या ठेवून, तक्ते लावून, तीन रेझिनमधून त्यांनी निवडलं ते नेमकं काचेला सर्वांत जवळचं. आणि उजेड वाकवण्यात बोटाचं तेलही त्याच घरातलं. पातळ रेझिनने ते इतकं छान धरलं की तो चंदेरी डागसुद्धा पडला नाही. तो पडला असता तर ठसा वाचला असता. ठसा आत कुठेतरी होता, तिथेच होता, आणि जगातल्या कुठल्याही दिव्याखाली तो आता दिसणार नव्हता.

मग त्यांना दोऱ्यातले मणी आठवले. पिवळ्या आणि लाकडी मण्याच्या मध्ये दोरा एका मण्याएवढा उघडाच दिसत होता. सुटला असेल, ओवायला आळस केला असेल, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

ते उठून तसेच बाईंच्या दुकानात गेले. बाई साचे धुवत होत्या.

"तुमचे मणी पाचच होते," काका म्हणाले.

"अहो, ती आमची गंमत आहे, वर्गात सगळ्यांना मोजायला लावते मी. एक काचेचा आहे ना, तो—" बाईंचं बोलणं थांबलं. त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हात कोरडे केले. "काय घातलं होतं तुम्ही आत?"

"चष्मा. हिचा."

"न पुसता," बाई हळूच म्हणाल्या. त्यांना आता कळलं. "काका, मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही नाही हो. मी चष्मेवाला आहे. यातलं मला कळायला हवं." "काढता येईल?"

"फोडला तर फ्रेम मोडेल, काच फुटेल. आणि जे वर आहे ते निघून येईल रेझिनबरोबर." बाईंनी खोटा धीर दिला नाही. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. काका पाणी पिऊन घरी गेले.

संध्याकाळी मुलगी आली. बाबांनी दिवा लावला नव्हता. तिने लावला. टेबलावरचा ठोकळा तिने पाहिला, आणि बाबांनी काही बोलायच्या आत उजव्या हाताने उचलला.

"किती सुंदर झालाय, बाबा! पण काचा कुठायत?"

काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं, पाण्यातलं भिंग, पाचवा मणी, शून्य नंबर. गिऱ्हाइकाला समजावतात तशा शांत आवाजात त्यांनी सुरुवात केली, पण तो आवाज टिकला नाही.

"बेचाळीस वर्षं," ते म्हणाले, "रोज सकाळी पुसला मी तिचा अंगठा. एक दिवस पुसायचा राहिला, तर तेवढाच मला मिळाला. आणि तोही शेवटी मीच पुसला गं. सगळ्यात चांगलं फडकं शोधून आणून पुसला."

ते रडायला लागले. आईच्या अंत्ययात्रेत ते रडले नव्हते. मुलीला तेव्हा बाबांचं भय वाटलं होतं. आता ती त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ठोकळा तिच्या हातातच होता.

"माझ्यावर रोज ओरडायचात तुम्ही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आठवतंय? मला पहिला चष्मा लागला तेव्हा. म्हणायचात, आईवर गेलीस, तिच्यासारखाच अंगठा मारतेस."

"मारायचीसच."

"आई मागे उभी राहून हसायची."

"हसायची," काका म्हणाले.

मुलीने उठून ठोकळा टेबलावर दिव्याजवळ ठेवला आणि ती चहा करायला आत गेली. काकांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि ठोकळ्याकडे पाहिलं. दिवा बाजूला होता. ठोकळ्याच्या वरच्या बाजूवर, जिथे आत उजवी काच होती बरोबर तिथेच, पूर्ण अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ सुटी. त्यांचा हात खिशात गेला, चौपदरी फडकं बाहेर आलं. वाफ सोडायला त्यांनी ओठही उघडले होते.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि वाकून पाहिलं. मधोमध आडवी फट नव्हती. हा हिचा अंगठा नव्हता. तो कुठेतरी खाली, बोटभर आत होता.

"बाबा, हाताचे डाग पडले का त्याच्यावर?" मुलीने आतून विचारलं. "आलेच, पुसते."

"राहू दे," काका म्हणाले. फडक्याची घडी त्यांनी परत खिशात घातली, आणि दिवा आणखी जरासा तिरका केला.